उणीव कोणाला, औषध कोणाला

कपाशीची पानं कडेने लाल पडू लागली, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत ‘लाल्या’ आला, की विदर्भ-मराठवाड्यात मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून फवारतात. तेच मीठ, माणसाला टोचण्याइतकं शुद्ध केलेलं, सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात ‘मॅगसल्फ’ म्हणून हाताशी ठेवलेलं असतं. गरोदर बाईचा रक्तदाब चढून तिला झटके येऊ लागले, तर पहिलं इंजेक्शन त्याचंच. आणि हृदयरोगाच्या अतिदक्षता विभागात एका ठरावीक, जीवघेण्या प्रकारच्या ठोक्यांवर शिरेतून देतात तेही हेच. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. हरितद्रव्यावरच्या संशोधनासाठी रिचर्ड विलस्टेटर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९१५ चं नोबेल मिळालं. माणसाच्या शरीरात, त्यातही हृदयात आणि रक्तवाहिन्यांत, हाच धातू काय काम करतो हा या पुस्तकाचा विषय आहे.

गेल्या काही वर्षांत मॅग्नेशियमचा मोठा बोलबाला झाला आहे. झोप लागत नाही, पायात गोळे येतात, छातीत धडधडतं, रक्तदाब वाढलाय. कुठल्याही तक्रारीवर कुणीतरी मॅग्नेशियमची गोळी सुचवतंच. रुग्ण आता डबीच घेऊन दवाखान्यात येतात आणि विचारतात, “डॉक्टर, हे हृदयाला चांगलं असतं ना?” याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण त्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. ज्याच्या अंगात मॅग्नेशियम कमी पडलंय त्याला ते भरून दिल्याने हृदयाला फायदा होतो का? आणि ज्याला कमी नाही त्याला वरून आणखी दिल्याने होतो का? पहिल्याचं उत्तर ठोक्यांच्या बेतालपणापुरतं ‘हो’ आहे; त्यापलीकडे हार्ट फेल्युअर किंवा पक्षाघात टळतो का, हे अजून नीट तपासलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर, दोन नेमके प्रसंग सोडले तर, आजवरच्या मोठ्या चाचण्यांनी ‘नाही’ असं दिलं आहे. हा फरक मनात पक्का न करता हे पुस्तक वाचलं तर त्यातलं प्रत्येक प्रकरण दुसऱ्याला खोडून काढतंय असं वाटेल.

आधी शरीरातला हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पंचवीस ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यातलं निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेलं बहुतेक स्नायूंत आणि इतर मऊ पेशींत. रक्तद्रवात एक टक्काही नसतं. आपण प्रयोगशाळेत मोजतो ते हे एक टक्क्याच्या आतलं. तो आकडा डेसिलिटरला साधारण १.७ ते २.२ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहावा म्हणून मूत्रपिंड आणि हाडं सतत खटपट करत असतात. रक्तात कमी पडू लागलं की हाडांतून काढून तिथे पुरवलं जातं. त्यामुळे आकडा कमी आला तर उणीव आहे असं धरून चालावं, पण आकडा ठीक आला म्हणजे पेशींत भरपूर आहे असं मात्र म्हणता येत नाही. त्यातून ही तपासणी नेहमीच्या यादीत नसते. ‘इलेक्ट्रोलाइट्स’ करायला सांगितलं की सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. मॅग्नेशियम वेगळं लिहावं लागतं, आणि बहुतेक वेळा लिहायचं राहून जातं.

न लिहिल्याने काय होतं ते प्रत्येक फिजिशियनने केव्हा ना केव्हा पाहिलेलं असतं. सत्तरीच्या आजी, हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, पायावर सूज येते म्हणून लघवीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू. जोडीला ॲसिडिटीची गोळी, तीही कुणी कधी बंद न केलेली. पावसाळ्यात जुलाब होतात आणि आजी दाखल होतात. पोटॅशियम २.६, म्हणजे फारच कमी. सलाईनमधून पोटॅशियम सुरू होतं. दुसऱ्या दिवशी २.७. मात्रा वाढवतात. तिसऱ्या दिवशी पुन्हा २.७, आणि मॉनिटरवर अधूनमधून जादा ठोके दिसू लागलेले. मग कुणाला तरी आठवण होते, मॅग्नेशियम पाठवलं जातं आणि ते १ च्याही खाली निघतं. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या ज्या वाटा असतात, त्या पेशीतलं मॅग्नेशियम एरवी आतून अडवून धरतं. ते नसलं की वाटा मोकळ्या राहतात, आणि कितीही पोटॅशियम दिलं तरी बूच काढलेल्या टाकीत पाणी ओतल्यासारखं ते वाहून जातं. मॅग्नेशियम दिल्यावर त्याच मात्रेत आजींचं पोटॅशियम वर येऊ लागतं आणि जादा ठोके थांबतात.

हृदयाच्या पेशीत मॅग्नेशियमची मुख्य कामं तीन. एटीपी हे पेशीचं इंधन मॅग्नेशियमशी जोडलं गेल्यावरच वापरता येतं. हृदयाचा प्रत्येक ठोका आणि त्यानंतरचं प्रत्येक सैल होणं या इंधनावर चालतं, त्यामुळे मॅग्नेशियमवाचून ठोकाच नाही. सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा पेशीच्या भिंतीतला पंपही मॅग्नेशियमवर चालतो; तो मंदावला की पेशीचा विद्युतभार डळमळतो आणि भलत्याच जागी ठोका उठतो. तिसरं काम कॅल्शियमला आवर घालण्याचं. स्नायू आखडतो तो कॅल्शियम आत शिरल्यावर, आणि त्याच्या शिरण्याच्या वाटांवर मॅग्नेशियम नैसर्गिक अटकाव असतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला हेच लागू. मॅग्नेशियम पुरेसं असेल तर वाहिनी सैलावते, आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नीट सोडतं. कमी असेल तर ती आखडून राहते. अम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या कॅल्शियमची हीच वाट अडवतात, इतक्या जोरकसपणे मात्र मॅग्नेशियम अडवत नाही.

आता ते दोन प्रसंग, जिथे मॅग्नेशियम रक्तात पुरेसं असूनही औषध म्हणून काम करतं. पहिला हृदयाचा. फ्रान्सचे डॉक्टर फ्रांस्वा देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये एका वेगळ्याच प्रकारच्या ठोक्यांचं वर्णन केलं. मॉनिटरच्या पट्टीवर लाटा उंच होत जातात, मग बुटक्या, मग उलट्या दिशेने पुन्हा उंच, जणू साऱ्या मधल्या रेषेभोवती पीळ घालताहेत. ‘टोर्साद द प्वांत’ हे त्याचं नाव. काही औषधांनी ठोक्याच्या आलेखातला क्यूटी हा कालावधी लांबला, किंवा पोटॅशियम खाली गेलं, की हे होतं. रुग्ण चक्कर येऊन पडतो, पुष्कळदा आपोआप सावरतो, आणि कधीकधी सावरत नाही. १९८८ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी अशा बारा रुग्णांना शिरेतून दोन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट देऊन पाहिलं. नऊ जणांचे ठोके एक ते पाच मिनिटांत जागेवर आले, बाकी तिघांना दुसरी मात्रा लागली. बारा रुग्ण म्हणजे फार थोडे. पण परिणाम इतका तडक होता की तेव्हापासून जगभर हेच करतात.

दुसरा प्रसंग गरोदरपणाचा, आणि तो मुळात रक्तवाहिन्यांचाच आजार आहे. प्रीएक्लॅम्प्सियात वाहिन्यांचं अस्तर बिघडतं, रक्तदाब चढतो, मेंदूपर्यंत परिणाम पोचला की झटके येतात. ‘मॅगपाय’ नावाची मोठी चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेहतीस देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया तीत होत्या, आणि मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाला. हे औषध स्वस्त आहे, पण देताना डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. पुढचं इंजेक्शन भरण्याआधी सिस्टर गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का ते पाहतात, मिनिटभर श्वास मोजतात, लघवीची पिशवी किती भरली ते पाहतात. पाय उडाला नाही, श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेला किंवा लघवी कमी झाली तर पुढची मात्रा थांबते. उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेट भरायच्या तयारीत ठेवलेलं असतं, कारण जास्त झालेल्या मॅग्नेशियमवर उतारा तोच. मला वाटतं, मॅग्नेशियमची ताकद आणि त्याचा धोका दोन्ही एका वेळी पाहायचे असतील तर प्रसूतिकक्षातल्या त्या दहा मिनिटांइतकी चांगली शाळा नाही.

या दोन प्रसंगांपलीकडेही मॅग्नेशियमकडून मोठी आशा होती, आणि तिचं जे झालं ते या सगळ्या विषयातलं सर्वांत शिकण्यासारखं आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मॅग्नेशियम द्यावं का, असा प्रश्न १९८० च्या दशकात पुढे आला. छोट्या छोट्या चाचण्या झाल्या. १९९१ मध्ये सात चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले गेले. रुग्ण सारे मिळून तेराशेच्या आसपास, आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आल्यासारखं दिसलं. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या लेस्टरची ‘लिमिट-२’ ही चाचणी आली. २,३१६ रुग्ण, अठ्ठावीस दिवसांत मॅग्नेशियमच्या गटात ७.८ टक्के दगावले, नुसत्या सलाईनच्या गटात १०.३ टक्के. काही रुपयांच्या अँप्युलने चारांतला एक मृत्यू टळत असेल तर हिंदुस्थानासारख्या देशाला याहून मोठी गोष्ट कोणती असणार होती? नामवंत संशोधकांनी लिहिलं की हा उपाय परिणामकारक आहे, सुरक्षित आहे, सोपा आहे आणि स्वस्तही.

मार्च १९९५ मध्ये ‘आयसिस-४’ चा निकाल आला. हजारावर रुग्णालयं, ५८,०५० रुग्ण. मॅग्नेशियम दिलेल्यांपैकी पाच आठवड्यांत ७.६४ टक्के गेले, न दिलेल्यांपैकी ७.२४ टक्के. फायदा शून्य. लेस्टरच्या मंडळींनी रास्त हरकत घेतली: ‘आयसिस-४’ मध्ये मॅग्नेशियम उशिरा दिलं गेलं, गुठळी विरघळवायचं औषध देऊन झाल्यानंतर, आणि तोवर वेळ निघून गेलेली होती. मग ‘मॅजिक’ ही चाचणी मुद्दाम या हरकतीला उत्तर म्हणून आखली. जास्त धोक्याचे ६,२१३ रुग्ण घेतले, सहा तासांच्या आत मॅग्नेशियम दिलं. २००२ चा तिचा निकाल: एका गटात १५.३ टक्के मृत्यू, दुसऱ्यात १५.२. प्रकरण तिथे मिटलं.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट छोट्या चाचण्यांच्या बेरजेवर किती विसंबावं याचा धडा म्हणून शिकवतात. छोटी चाचणी फसली तर ती छापूनच येत नाही, यशस्वी झाली तर येते, आणि नंतर बेरीज करणाऱ्याच्या हाती फक्त यशस्वी उरतात. धडा खरा आहे. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. या तिन्ही मोठ्या चाचण्यांत रुग्ण निवडताना कुणाला मॅग्नेशियमची उणीव आहे हे पाहिलेलंच नव्हतं. भरलेल्या आणि रिकाम्या दोघांनाही सारखंच दिलं गेलं. झटका आलेल्या सरसकट सगळ्यांना मॅग्नेशियम द्यावं का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं. उणीव असलेल्यांचं काय, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

दुसऱ्या बाजूला लोकसंख्येचा अभ्यास करणारे वर्षानुवर्षं वेगळंच चित्र मांडत आले आहेत. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीतून २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, रक्तात मॅग्नेशियम सर्वांत कमी असलेल्या एक चतुर्थांश लोकांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, होण्याचा धोका सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त होता. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांवरच्या पाहण्या एकत्र केल्यावर आहारातल्या रोजच्या शंभर मिलिग्रॅम जादा मॅग्नेशियममागे हार्ट फेल्युअरचा धोका बावीस टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा सात टक्क्यांनी कमी दिसला. हे आकडे वाचून गोळी घ्यायला धावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. आहारात मॅग्नेशियम जास्त म्हणजे डाळी, भरड धान्यं, पालेभाज्या, शेंगदाणे जास्त. त्यांच्याबरोबर तंतू येतात, पोटॅशियम येतं, आणि मैदा-साखर आपोआप कमी होते. श्रेय कोणाला किती, हे पाहणीतून वेगळं काढता येत नाही.

गोळी देऊन रक्तदाब उतरतो का, याचं उत्तर मात्र चाचण्यांतून मिळालेलं आहे. २०१६ मध्येच चौतीस चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला, माणसं दोन हजारांवर. रोज सरासरी ३६८ मिलिग्रॅम तीन महिने घेतल्यावर वरचा रक्तदाब दोन अंकांनी आणि खालचा पावणेदोन अंकांनी उतरला. १५० वरून १४८. एका रुग्णाच्या दृष्टीने हे जवळपास काहीच नाही, चालू गोळी बंद करण्यासारखं तर नक्कीच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये मॅग्नेशियम आणि रक्तदाब यांचा संबंध पाकिटावर छापायची परवानगी दिली, पण पुरावा विसंगत आणि अनिर्णित आहे हे सोबत छापण्याच्या अटीवर. आपल्याकडच्या जाहिरातींत परवानगीचा उल्लेख असतो, अटीचा नसतो. याची मला चीड येते.

पाण्याचं प्रकरण मी स्वतः दोनदा वाचलं, कारण ते आपल्या फार जवळचं आहे. १९५७ मध्ये जुन कोबायाशी या जपानी शास्त्रज्ञाने नद्यांच्या पाण्याचं रसायन आणि त्या त्या भागातले पक्षाघाताचे मृत्यू यांचा मेळ घालून पाहिला. पाणी जितकं आम्लधर्मी तितके मृत्यू जास्त, असं त्याला दिसलं. तिथून अमेरिका, ब्रिटन, कॅनडात जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं, पाणी आणि हृदय यांवर कितीतरी अभ्यास झाले. निकाल एकसारखे आले नाहीत, तरी जिथे संबंध दिसला तिथे बोट कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियमकडे अधिक वळलं. इस्रायलने समुद्राचं पाणी गोडं करून घराघरांत पुरवायला सुरुवात केली तेव्हा पाण्यातलं मॅग्नेशियम जवळजवळ नाहीसं झालं. २०१६ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की असं पाणी पिणाऱ्या भागांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांत वर्षभरातलं मृत्यूचं प्रमाण इतर भागांपेक्षा जास्त होतं, आणि रक्तातलं मॅग्नेशियम कमी.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर, वसलेला आहे. त्यातून झिरपणाऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही उतरतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही म्हणून आपण त्या पाण्याला नावं ठेवतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १०० पर्यंत. दोन लिटर पाणी पिणाऱ्याला तीसच्या हिशेबाने साठ मिलिग्रॅम पाण्यातूनच मिळतात, म्हणजे रोजच्या गरजेचा साधारण सातवा भाग. घरोघरी बसलेलं आरओचं यंत्र तो काढून टाकतं. फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असलेल्या गावात आरओ हवंच. पण नगरपालिकेचं चांगलं धरणाचं पाणी येत असताना केवळ शेजाऱ्याने बसवलं म्हणून बसवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

ताटाचा हिशेब त्याहून मोठा. अमेरिकी शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला ४०० ते ४२० मिलिग्रॅम लागतं, बाईला ३१० ते ३२०. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम असतं, राजगिऱ्यात त्याच्या दुपटीच्या आसपास. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात वीसच्या आसपास, कारण कोंड्याबरोबर बहुतेक मॅग्नेशियम निघून जातं. म्हणजे दोन भाकऱ्या, एक वाटी आमटी, पालेभाजी आणि तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी असं जेवण दोन्ही वेळा असेल तर मॅग्नेशियमचा वेगळा विचार करायची गरज नाही. दोन पिढ्यांत आपल्या ताटातली भाकरी मागे पडून भात, मैदा आणि पाकिटातले पदार्थ पुढे आले, तेव्हा ही उणीवही घरात आली. धान्यातल्या फायटेटमुळे सगळं मॅग्नेशियम अंगी लागत नाही हे खरं आहे. नाचणीला मोड आणण्याची, पीठ आंबवून आंबोळ्या करण्याची आपली जुनी रीत फायटेट कमी करते. भाज्या उकडून पाणी ओतून देण्याची सवय मात्र सोडायला हवी.

उणीव शोधायची कुणात, हे डॉक्टरांसाठी लिहिलेल्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथे थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात असा माणूस असेल. लघवीच्या गोळ्या दीर्घकाळ चालू असलेले. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गटातली ॲसिडिटीची गोळी वर्षाहून अधिक काळ घेणारे. या गोळ्यांनी मॅग्नेशियम घसरतं असा इशारा अमेरिकी प्रशासनाने २०११ मध्येच दिला आहे. साखर ताब्यात नसलेले मधुमेही, कारण लघवीतून साखरेबरोबर मॅग्नेशियमही जातं. रोज दारू पिणारे. महिनोन् महिने जुलाबाचा आजार असलेले. आणि डिगॉक्सिन घेणारे, कारण मॅग्नेशियम कमी असेल तर डिगॉक्सिनची विषबाधा नेहमीच्या मात्रेतही होऊ शकते. यांपैकी कुणाला धडधड, अशक्तपणा, पायात गोळे अशी तक्रार असेल, किंवा पोटॅशियम देऊनही चढत नसेल, तर मॅग्नेशियमची तपासणी आवर्जून मागावी. ती महाग नाही.

मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅग्नेशियमची गोळी, पावडर किंवा मॅग्नेशियम असलेलं पोट साफ करायचं, आम्लपित्ताचं औषधही घेऊ नये. जादा मॅग्नेशियम बाहेर टाकायचा मार्ग मूत्रपिंडच आहे. तो बंद पडला की रक्तदाब घसरतो, ठोके मंदावतात, आणि प्रसूतिकक्षात ज्याची इतकी राखण करतात तो श्वासही थांबू शकतो. दुर्दैव असं की याच रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत चुना लवकर साचतो आणि मॅग्नेशियमने तो रोखला जाईल अशी आशा होती. जपानमधल्या २०१९ च्या चाचणीत तसं दिसलंही. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या, काटेकोर चाचणीत वर्षभर मॅग्नेशियम देऊनही फरक पडला नाही.

म्हणून या पुस्तकाच्या लेखकांकडे आणि वाचकांतल्या तरुण डॉक्टरांकडे माझं एक मागणं आहे. आधी मॅग्नेशियम मोजून, ज्यांचं खरोखर कमी आहे अशांनाच निवडून, त्यांच्या एका गटाची उणीव वर्षानुवर्षं भरून द्यायची आणि हार्ट फेल्युअर, एट्रियल फिब्रिलेशन, पक्षाघात किती टळतात ते मोजायचं, अशी चाचणी आपल्याकडे व्हायला हवी. मधुमेह आपल्याकडे घरोघरी आहे, लघवीच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या आहेत, पांढरा भात आहे, आरओचं पाणी आहे. औषधाला पेटंट नाही, म्हणून कुठलीही कंपनी पैसे घालणार नाही; सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनीच एकत्र येऊन ती करावी लागेल. सुरुवातीला एवढं केलं तरी पुरे: हृदयविभागात दाखल होणाऱ्या प्रत्येकाच्या पहिल्या तपासण्यांच्या कागदावर पोटॅशियमच्या खाली मॅग्नेशियमची ओळ छापून टाकावी.